शारजाला निघण्याआधी: बायपास झालेल्या पोटाची तयारी

नागपुरात माझं वजनाचं ऑपरेशन झालं, गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात, त्याला आता तीन वर्षं होत आली. त्यानंतर दोनदा मुलाकडे अमिरातीत, शारजाला जाऊन आले. पहिल्या खेपेला सुनेचं बाळंतपण होतं, त्यामुळे सगळी तयारी तिची आणि बाळाची. डिंक, अळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी. माझ्यासाठी म्हणून फक्त गोळ्यांची एक पिशवी. ते फार महागात पडलं. आमच्या आर्वी तालुक्यात असं ऑपरेशन झालेल्या आणखी दोघी-तिघी मला माहीत आहेत, आणि पोरं परदेशात असलेली घरं तर आता गावोगाव आहेत. म्हणून दुसऱ्या खेपेला जशी तयारी केली, तशी इथे लिहून ठेवते.

तिकीट काढायच्या आधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती जास्त असते, आणि विमानात तासन् तास पाय लोंबकळत राहतात. परवानगी मिळाली तरी दाबाचे मोजे लागतील का ते विचारा आणि दर तासाला उठून चार पावलं चाला. निघायच्या महिनाभर आधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी १२, डी जीवनसत्त्व. महिनाभर आधी अशासाठी, की तालुक्याच्या लॅबमधून काही नमुने नागपूरला जातात, रिपोर्टला दिवस लागतात, आणि काही कमी निघालं तर भरून काढायला वेळ हवा. बी १२ चं इंजेक्शन चालू असेल तर ते टोचून घेऊनच निघावं. वजन उतरल्यावर साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचं प्रमाण बदलतं, तेही याच भेटीत विचारून घ्या.

पासपोर्टवरचा फोटो आरशासमोर धरून बघा. माझा चेहरा इतका उतरला होता की मुंबईला काउंटरवरचा माणूस एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे असं चार-पाच वेळा बघत राहिला. चेहरा फारच बदलला असेल तर त्याच कारणासाठी पासपोर्ट नव्याने काढता येतो, अर्जात तशी सोय आहे. आधीच करून घ्या.

आता कागद. या यादीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट. पहिल्या खेपेला तिथे पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी माझं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं ऑपरेशन झालंय? मुलगा म्हणाला, वजनाचं. पुढे त्याला काही सांगता येईना, आणि मला तिथली भाषा येईना. आता माझ्या पर्समध्ये एक घडी केलेला कागद असतो आणि त्याचा फोटो मुलाच्या, सुनेच्या आणि माझ्या मोबाइलमध्ये. त्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहून दिलंय: ऑपरेशनचं पूर्ण नाव, तारीख, त्यांचा फोन, रोजच्या गोळ्या मात्रेसकट. खाली काय करू नये तेही आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन जातीची वेदनाशामकं नकोत, कारण बायपासनंतर जोडाच्या जागी त्यांनी अल्सर होतो. नाकातून पोटात नळी अंदाजाने घालू नये. खूप उलट्या झाल्या असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी १ जीवनसत्त्व, द्यावं. आणि पोटात जोरात कळा येत असतील तर आतड्याचा अंतर्गत हर्निया, म्हणजे आतडं पोटातल्याच फटीत अडकणं, तर नाही ना, ते बघावं. हे शेवटचं घरच्यांनीही पाठ करावं. कळा थांबत नाहीत, उलट्या होताहेत, तर गॅस समजून ओवा चावत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. तिथला ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९८ आहे. प्रवासाचा विमा काढतानाही ऑपरेशन लपवू नका; आधीचा आजार चालतो का ते विचारून, लिहून घेऊनच पैसे भरा.

गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, आणि मुक्कामापेक्षा दहा दिवसांच्या जास्त. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. शारजाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे वेळेचा फारसा घोळ होत नाही. अंगदुखीला पॅरासिटामॉल ठेवा, पण पाकीट उलटं करून वाचा. आपल्याकडे मेडिकलमध्ये गोळी मागितली की पुष्कळदा पॅरासिटामॉलमध्ये डायक्लोफिनॅक मिसळलेलीच हातात पडते. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेलं काही नेणार असाल तर अमिरातीत त्याला आधी सरकारी परवानगी लागते.

आणि खसखस. अमिरातीत खसखस नेणं गुन्हा आहे. आपल्या सावजी मसाल्यात खसखस, घरच्या काळ्या मसाल्यात बहुतेक खसखस, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात तर हमखास. शेजारच्या काकूंनी मायेने बांधून दिलेला डबाही उघडून विचारावाच लागतो. मी लाडू बिनखसखशीचे केले, सुनेला काही कमी पडलं नाही.

पाण्याबद्दल मला बायकांना विशेष सांगायचंय. आपल्याला लहानपणापासून सवय आहे, एसटीत बसायचं तर पाणी प्यायचं नाही, वाटेत जागा मिळत नाही म्हणून. मीही तेच केलं. आर्वी ते वर्धा एसटी, मग रात्रभर विदर्भ एक्सप्रेस, मग विमानतळ. इतक्या वेळात दोन ग्लाससुद्धा पाणी पोटात गेलं नव्हतं. साधं पोट असतं तर पोहोचल्यावर तांब्याभर पिऊन भरून काढलं असतं. आपल्या पोटात एका वेळी घोट-दोन घोटच मावतात, राहिलेलं पाणी नंतर भरून निघत नाही. दिवसाला दीड-दोन लिटर घोटाघोटानेच व्हायला हवं, आणि तेही जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर नाही. म्हणून रिकामी बाटली बॅगेत घ्या, तपासणी झाली की भरून घ्या, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक घोट. स्वच्छतागृहाजवळची, पॅसेजकडची सीट मागून घ्या, म्हणजे संकोच उरत नाही. ओआरएसची साधी पुडी सोबत असू द्या. ओआरएससारखं दिसणारं गोड पेय नको.

त्या पहिल्या खेपेला तहानलेल्या अंगाने मी मुलाच्या घरी पोहोचले, आणि शेजारच्या अकोल्याकडच्या बाई ताट घेऊन आल्या. खजूर, हलवा, आंब्याचा ज्यूस. "घ्या ना वो ताई, एवढ्यानं काई होत नाई." मला नाही म्हणवलं नाही. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, ब्लाउज घामाने पाठीला चिकटला, पोटात मुरडा. सोफ्यावर आडवी पडले आणि समोर बाळ रडत असताना मला उठून त्याला घेता आलं नाही. याला डंपिंग म्हणतात. साखर एकदम आतड्यात उतरते आणि अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं. आग्रह आपल्या रक्तात आहे, समोरचं माणूस प्रेमानेच देत असतं. म्हणून आता मी जायच्या आठवडाभर आधी सुनेला फोन करून सांगते, की भेटायला येणाऱ्यांना तूच सांग, आईंना गोड चालत नाही. तिने सांगितलेलं कुणाला लागत नाही.

खाण्यात प्रथिनं आधी, दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम. वाटेसाठी फुटाणे, फुटाण्याचं पीठ आणि प्रोटीन पावडरच्या एका वेळेच्या पुड्या. विमानातला मऊ पाव घशाखाली अडकून बसतो, तो सोडून द्या, अंडं किंवा पनीर सावकाश चावून खा. तिथे दुकानात लबान म्हणून मिळतं ते आपलं ताकच समजा, साधं, बिनसाखरेचं बघून घ्या. मसाल्याचं, उघड्यावरचं पहिले दोन दिवस नको.

शेवटी बॅगेत मी माझी स्टीलची वाटी ठेवते, ऑपरेशननंतर पहिल्यांदा वरण प्यायले होते तीच. परक्या घरातल्या मोठ्या ताटात अंदाज चुकतो. ही वाटी भरली की मला कळतं, आणि वाढणाऱ्यालाही.