टाइप १ मधुमेहाचं मूल घरी जाताना: नव्या सिस्टरसाठी

डिस्चार्जच्या दिवशी आईवडिलांना तक्ता देऊन 'समजलं ना?' विचारलं, की 'हो सिस्टर' हेच उत्तर येतं. त्यावर विसंबू नका. इन्सुलिनचं इंजेक्शन त्यांनाच भरायला लावा आणि आपण नुसतं बघा.

जिवावर बेतणारी चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटवाल्यासाठी. ४०च्या बाटलीला केशरी सिरिंज वापरली, तर १०च्या रेघेपर्यंत भरूनही मुलाला ४ युनिटच मिळतात. साखर चढत राहते आणि दोष खाण्याला दिला जातो. उलट झालं, म्हणजे १००च्या बाटलीला लाल सिरिंज लावली, तर १० ऐवजी २५ युनिट जातात. मेडिकलवाला 'सारखीच आहे' म्हणून दुसरी देतो. म्हणून रिकामी बाटली आणि जुनी सिरिंज दुकानात दाखवूनच नवी घ्यायला सांगा.

दुधाळ इन्सुलिन दोन्ही तळव्यांत हळू फिरवायचं, खळखळवायचं नाही; फेस आला की मात्रा चुकते. दुधाळ आणि पारदर्शक इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये भरताना आधी पारदर्शक, मग दुधाळ. ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन; ते कशातच मिसळायचं नाही. एकाच जागी टोचत राहिलं की तिथं गाठ होते. गाठीत दुखत नाही म्हणून मूल तीच जागा पुढे करतं, पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दर भेटीत बोटांनी चाचपून बघा.

फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, आत डबीत बाटली. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची; ४ आठवड्यांनी नवी काढायची.

रक्तातली साखर ७०च्या (मिग्रॅ/डेसिलिटर) खाली गेली तर किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची. म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम, साधारण दीड सपाट चहाचा चमचा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. कुशीवर वळवून थेट दवाखाना.

तापात 'काही खाल्लंच नाही, मग इंजेक्शन कशाला?' हा प्रश्न येणारच. लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही. दर २ ते ४ तासांनी साखर बघायची, लघवीतले कीटोनही (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ). उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल किंवा श्वास खोल आणि जोरात चालत असेल, तर वाट बघायची नाही.

आणखी एक, जे फार थोडे जण आधी सांगतात. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची गरज बरीच घटते, कारण स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी काही काळ पुन्हा काम करू लागतात. नेमका तेव्हाच घरात कारल्याचा रस चालू असतो आणि श्रेय त्याला जातं. इंजेक्शन थांबतं आणि मूल कीटोन वाढून अतिदक्षता विभागात येतं. हे पहिल्याच आठवड्यात सांगा, आजीलाही समोर बसवून. रसावरून वाद घालू नका. इन्सुलिनची मात्रा कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच, एवढं मात्र त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.