मध्ययुगीन इंग्लिश जमीनदार घराण्याचा माग मॅनरच्या दप्तरातून कसा काढावा

इंग्लंडमधल्या चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या 1538 पासून सुरू होतात. त्याआधीच्या ‘जेंट्री’ची, म्हणजे उमरावांच्या खालच्या पण सामान्य कुळांच्या वरच्या जमीनदार घराण्यांची, वंशावळ लावायची तर मुख्यतः जमिनीचेच कागद हाती उरतात. तिथे आडनावाच्या मागे धावू नका. 13व्या शतकात एकाच घरातले भाऊ वेगवेगळ्या गावांची नावं लावताना सापडतात. मॅनर, म्हणजे एका धन्याच्या हक्काखालची जहागीर, मात्र जागची हलत नाही. म्हणून एक मॅनर धरायचा आणि त्याचे धनी ओळीने लावत जायचे.

पहिली पायरी: मॅनर नक्की कोणता?

मॅनर म्हणजे गाव नव्हे. एका गावात तीन-चार मॅनर असत आणि एका मॅनरची जमीन शेजारच्या गावातही पसरलेली असे. 1899 मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’त बहुतेक ठिकाणी प्रत्येक मॅनरचा मालकीक्रम दिलेला असतो. तिचे बरेच खंड ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’वर वाचता येतात. सगळ्या काउंट्या (म्हणजे जिल्हे) पूर्ण झालेल्या नाहीत, आणि छापलेला क्रम हा अंतिम निवाडा नव्हे. त्याच्या तळटीपा हाच खरा माल.

आता एक तक्ता आखा: तारीख, जमीन कोणाकडे, वर धनी कोण, हक्क कसला, कागद कुठला. ‘हक्क कसला’ हा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. वारसा, खरेदी, बायकोचा वाटा, विधवेचा एक तृतीयांश हिस्सा, अज्ञान वारसाचं पालकत्व, विश्वस्ती यांतलं काहीही असू शकतं. घोटाळे होतात ते इथेच. विधवेने दुसरं लग्न केलं की नवा नवरा मॅनरचा धनी म्हणून झळकतो आणि अननुभवी संशोधक त्याला सरळ वंशात ओढतो.

दुसरी पायरी: मृत्यूनंतरची चौकशी

राजाकडून थेट जमीन धारण करणारा मेला की राजाचा ‘एस्चीटर’ नावाचा अधिकारी स्थानिक पंच बसवून चौकशी करी. जमीन कोणती, कोणाकडून आणि कसल्या सेवेच्या बदल्यात, वार्षिक उत्पन्न किती, मृत्यू कधी, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय, असे ठराविक प्रश्न असत. या ‘इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम’ 1230च्या दशकापासून 17व्या शतकाच्या मध्यापर्यंत मिळतात. मूळ कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. चेशर, डरहॅम, लँकेशर यांचं दप्तर वेगळं, त्यांच्या चौकशा त्या वेगळ्या दप्तरात शोधाव्या लागतात.

वय वाचताना सावध राहा. ‘21 वर्षं आणि अधिक’ याचा अर्थ मुलगा सज्ञान आहे, एवढाच. तो चाळिशीचाही असेल. वारस अज्ञान असेल तेव्हा आकडा जास्त भरवशाचा, कारण त्याच्या पालकत्वात पैसा होता. मुलीसाठी सज्ञान होण्याची मर्यादा 14 होती, अविवाहित असेल तर 16. जमीन तीन काउंट्यांत असेल तर तीन चौकशा होत. तिन्ही काढून ताडून पाहा, मृत्यूच्या तारखा सर्रास जुळत नाहीत. मुलगा नसेल तर मुलींत समान वाटण्या होतात, मग मॅनरचे तुकडे पडतात आणि प्रत्येक जावयाचं घराणं वेगळं शोधावं लागतं.

तुमचं घराणं थेट राजाखाली नसेल तर वरच्या धन्याची चौकशी काढा. ‘अमुक गावी अर्धी नाइट-फी (एका नाइटच्या, म्हणजे घोडेस्वार सरदाराच्या, सेवेच्या बदल्यात दिलेल्या जमिनीचं माप), अमक्याकडे’ अशी यादी त्यात मिळते. पण कारकून जुनीच यादी उतरवून काढत, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी मेलेला माणूसही तिथे जमीन धारण करताना दिसतो. दुसरा पुरावा मिळेपर्यंत हे नाव पेन्सिलीनेच लिहा.

तिसरी पायरी: फीट ऑफ फाइन्स

1195 पासून 1833 च्या कायद्यापर्यंत जमिनीचे व्यवहार लुटुपुटूच्या दाव्यातून पक्के केले जात. तडजोडीच्या तीन प्रती एकाच चामड्यावर लिहीत. दोन पक्षकारांना दोन, आणि खालची, म्हणजे ‘फूट’, कोर्टाकडे. वादी बहुधा घेणारा, प्रतिवादी देणारा. प्रतिवादीसोबत बायकोचं नाव असेल तर जमीन तिच्या माहेरची असण्याचा संभव तपासा. ‘100 मार्क’सारखी (मार्क हे तेव्हाचं हिशेबाचं एकक) गोल रक्कम ही खरी किंमत समजू नका. सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे जमीन तिसऱ्याला देऊन पुन्हा परत घेणं. त्यात पुढचे हक्कदार क्रमाने दिलेले असतात, म्हणजे मुलांची यादी आयतीच मिळते.

चौथी पायरी: मॅनर कोर्टाच्या गुंडाळ्या

मॅनरच्या धन्याच्या कोर्टाचं कामकाज यांत लिहिलेलं असे. आपल्याकडच्या फेरफार नोंदवहीशी यांचं नातं जवळचं. कुठल्या मॅनरचे कागद कुठे आहेत हे ‘मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर’मध्ये सापडतं. पुष्कळसे काउंटीच्या अभिलेखागारांत किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत आहेत. भाषा लॅटिन, तीही संक्षेपांनी भरलेली. आधी फक्त मथळे वाचा. ‘कुरिया प्रिमा’, म्हणजे अमक्याची पहिली कोर्टसभा, हे शब्द दिसले की धनी नुकताच बदलला. आत ‘रिलीफ’ शोधा. पूर्ण नाइट-फीला 100 शिलिंग, अर्धीला 50. हा वारशाचा भरणा असल्याने त्याच्या थोडं आधी कोणीतरी वारलेलं असतं. मथळ्यात एकदम पाच-सहा धनी दिसले तर ते बहुधा विश्वस्त, भाऊबंद नव्हेत. 14व्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही पद्धत फार बोकाळली.

तारखा राजाच्या राज्यवर्षात असतात. ‘तिसऱ्या एडवर्डचं 22वं वर्ष, संत मार्टिनच्या सणानंतरचा शुक्रवार’ म्हणजे 14 नोव्हेंबर 1348. सण 11 तारखेला, त्या साली मंगळवारी. शिवाय तेव्हा सन 25 मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी ते 24 मार्चच्या तारखेला दोन्ही सालं लिहा, 1348/49 अशी.

कागद असले म्हणजे ते खरंच बोलतात असं नाही. नॉरफकच्या पॅस्टन घराण्याचं पाहा. न्यायाधीश विल्यम पॅस्टनने (1378–1444) 1427 मध्ये ग्रेशम मॅनर विकत घेतला आणि घराणं वर आलं. विरोधकांनी लिहून ठेवलं की त्याचा बाप क्लेमंट हा साधा शेतकरी, फार तर 100 ते 120 एकरांचा, आणि त्यातली पुष्कळ जमीन गिमिंगहॅम हॉलची वेठीची. घराण्याने उलट दावा केला की पॅस्टन गावी आमचं मॅनर कोर्ट आणि वेठीची कुळं पूर्वापार आहेत. चौथ्या एडवर्डने 1466 मध्ये तो उचलून धरला. असा वाद दिसला की ज्या मॅनरची जमीन असल्याचा आरोप आहे, त्याच्याच गुंडाळ्या काढा. तिथल्या कारकुनाला या घराण्याच्या प्रतिष्ठेशी देणंघेणं नव्हतं.

याच घराण्यात विल्यमचा मुलगा जॉन 1466 मध्ये वारला, आणि त्याच्या दोन मुलांचं नावही जॉनच. थोरला 1479 मध्ये गेला, मग धाकट्याकडे जमीन आली. तक्त्यात सलग तीन जॉन, पण पिढ्या दोनच. म्हणून नाव तेच राहिलं तरी वारसापुढे ‘फिलियस’ आहे की ‘फ्रॅटर’, मुलगा की भाऊ, हे प्रत्येक वेळी मूळ कागदावर पाहून मगच रेघ ओढा.