शिंगराचा रंग पाहून भांडायला जाण्याआधी

थंडी ओसरली की घोड्या विऊ लागतात आणि घोडेवाल्यांची भांडणंही सुरू होतात. "घोडी काळ्या घोड्याला लावली होती, मग शिंगरू तांबडं कसं झालं? दुसराच घोडा चढवला असणार." भरवणीचे पैसे परत मागितले जातात, वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. बहुतेक वेळा घोडेवाल्याची काहीच चूक नसते. कधीमधी असतेही. रंगावरून त्याचा थोडाफार छडा लागतो, पण एकाच बाजूने: हा घोडा बाप नाही एवढंच रंग सांगू शकतो, हाच बाप आहे असं कधीच सांगत नाही.

शिंगरू जन्मल्यावर रंगाकडे लगेच पाहूही नका. तासाभरात ते उभं राहिलं का, दोन तासांत थानाला लागलं का, तीन तासांत घोडीची वार पडली का, हे आधी बघा. नाळेला जंतुनाशक लावा, चीक पोटभर पाजा. यात कुठे अडलं तर डॉक्टरांना बोलवा.

जन्मावेळचा रंग फसवा असतो, कारण ती लव तीन-चार महिन्यांत झडते. पुढे काळंभोर होणारं शिंगरू पुष्कळदा उंदरासारखं राखाडी जन्मतं. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपूट. अशा शिंगराचे पाय मोठेपणी काळे होतात, पण जन्मतः फिकट, मातकट असतात, म्हणून लोक त्याला तांबडं समजतात. अशा वेळी पाय सोडा आणि कानांच्या कडा, आयाळ व शेपूट उजेडात निरखून पाहा. तिथे काळे केस असतील तर शिंगरू कुमैत आहे. आयाळ-शेपटीसकट कुठेच काळा केस नसेल तर तांबडं.

आता मूळ तक्रार. घोड्याच्या अंगात काळा रंग बनवणारं एक जनुक असतं आणि त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोनपैकी एक जरी चालू असली तरी काळा रंग दिसतो. काळ्या घोड्याकडे बंद प्रत लपलेली असू शकते, तशीच घोडीकडेही. दोघांकडे ती असेल तर चारांत एक शिंगरू तांबडं होण्याची शक्यता असते. त्यामुळे काळ्या जोडीला तांबडं शिंगरू झालं तर कांगावा करू नका. दोन कुमैतांपासून तर कुमैत, काळं, तांबडं असं तिन्ही होऊ शकतं.

उलट बाजू मात्र पक्की आहे. तांबड्याकडे दोन्ही प्रती बंदच असतात. म्हणून घोडा-घोडी दोन्ही तांबडे असतील तर शिंगरू काळं किंवा कुमैत होत नाही. झालंच, तर बाप दुसरा आहे, किंवा आईबापांपैकी एकाचा रंग ओळखण्यात चूक झाली आहे. दोन अस्सल काळ्यांपासून कुमैत होत नाही, हाही नियम खराच. पण गडद कुमैताला काळा म्हणून खपवण्याची बाजारात रीत आहे, तेव्हा त्यावर फार भर देऊ नये.

सब्जाचा नियम सर्वांत उपयोगी. सब्जा घोडा काळा, तांबडा, कुमैत अशा कुठल्याही रंगात जन्मतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. हा गुण पिढी वगळून येत नाही: सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी सब्जा असायलाच हवा. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीतले सगळे सब्जा अठराव्या शतकातल्या अल्कॉक्स अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत मागे नेता येतात, ते याच कारणाने. शिंगरू सब्जा होणार का, हे डोळ्यांभोवती बघा. पांढऱ्या केसांचं कडं बहुधा तिथेच आधी उमटतं. मात्र आई सब्जा असेल तर यावरून बापाबद्दल काहीच कळत नाही.

नुकरा वेगळा. त्याची कातडी गुलाबी आणि रंग जन्मापासून पांढरा. सब्जाची कातडी काळी. सारंगखेड्याच्या बाजारात नुकऱ्याला भाव आहे, म्हणून कुणी पांढरा घोडा नुकरा म्हणून दाखवला तर नाकपुडीपाशी आणि शेपटीखाली कातडी बघून घ्या. पंचकल्याणाचं, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या घोड्याचं म्हणाल तर पायांचा पांढरेपणा थोडा वंशाचा, थोडा गर्भातल्या योगायोगाचा. त्यावरून बाप ठरवायला जाऊ नये.

तारखांवरूनही वाद मिटत नाही. घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते, पण 320 ते 360 दिवसांतलं काहीही सर्वसाधारण धरलं जातं. माज फिरून येतो सुमारे 21 दिवसांनी. म्हणजे एका माजाला एक घोडा आणि पुढच्याला दुसरा लावला असेल, तर दिवस मोजून बाप ठरवणं अवघडच. एकाच माजात दोन घोडे लावले असतील तर दिवस मोजून काहीच कळणार नाही.

तिथे डीएनए तपासणीच हवी. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटा; कापलेले केस चालत नाहीत, कारण हवं ते मुळाशी असतं. मुळांना हात लावू नका. केस कोरडे हवेत, आणि ते प्लॅस्टिकऐवजी कागदी पाकिटात ठेवा. शिंगरू, घोडी आणि घोडा यांची पाकिटं वेगळी करा, नाव-तारीख तिथल्या तिथे लिहा. शिंगराचे केस नाजूक असतात, तेव्हा थोडे जास्त घ्या. नमुना कुठे पाठवायचा ते पशुवैद्यकाला विचारा, हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडेही चौकशी करता येईल.

व्यायलेली घोडी सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माजावर येते. या वेळी घोडा लावाल तेव्हा वहीत तारीख आणि घोड्याचं नाव लिहा, त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि मालक तयार असेल तर त्याचेही केस त्याच दिवशी पाकिटात घालून ठेवा. पुढच्या वर्षी तो घोडा विकला गेलेला असू शकतो.