इस्त्रीचे खरे वॅट आणि ओहम कसे काढायचे

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे शक्ती. दहावीपासून सगळ्यांना पाठ आहे, त्यावर मी शाई घालवत नाही. घोळ होतो तो मीटर लावताना.

हे इस्त्री, गिझर, शेगडी असल्या तापणाऱ्या वस्तूंपुरतंच धरा. पंख्या-फ्रिजच्या मोटरला हा गुणाकार केलात तर व्होल्ट-अँपिअर मिळतील. खरे वॅट त्याहून कमी असतात.

व्होल्टेज शेजारच्या सॉकेटवर घ्या, पण इस्त्री तापत असताना.

आता करंट. ‘मल्टिमीटर मालिकेत जोडा’, म्हणजे वायर तोडून करंट मीटरमधूनच जाऊ द्या, हा सल्ला बॅटरी आणि टॉर्चच्या बल्बसाठी ठीक आहे. घरच्या २३० व्होल्टवर तो देणाऱ्याने स्वतः कधी मोजलेलं नसतं. कोपरखैरण्याच्या घरी मी तो पाळला. करंट मोजून झाला, तांबडी वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली, आणि व्होल्टेज घ्यायला तसंच मीटर सॉकेटला लावलं. त्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार. ठिणगी उडाली, एमसीबी (जास्त करंटला आपोआप वीज तोडणारा खटका) पडला, प्रोबचं टोक काळं झालं आणि ऐन मालिकेच्या वेळी टीव्ही बंद पडल्याने आईने जे ऐकवलं ते वेगळंच.

म्हणून क्लॅम्प मीटर घेतला, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा. त्याचा जबडा इस्त्रीच्या वायरभोवती लावला, तर शून्य! दोन दिवस मी मीटरलाच शिव्या घालत होतो. चूक माझी होती. फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो. दोघांची चुंबकीय क्षेत्रं उलट दिशेची, एकमेकांना खाऊन टाकतात. जबड्यात एकच वायर हवी.

त्यासाठी इस्त्रीची वायर सोलू नका. तीन पिनांचं जुनं एक्स्टेन्शन घ्या, त्याचा प्लग सॉकेटमधून काढा, आणि वायरीवरचं जाड आवरण वीतभर उभं चिरून काढा. आतल्या रंगीत वायरींच्या प्लास्टिकला पातं लागलं तर ते एक्स्टेन्शन सरळ टाकून द्या. टेप गुंडाळून वापरायचं नाही म्हणजे नाही. मग इस्त्री या एक्स्टेन्शनवर लावा, मीटर एसी अँपिअरवर ठेवून जबड्यात फक्त फेज घ्या. इस्त्रीचा दिवा लागलेला असतानाच आकडा वाचा. थर्मोस्टॅटने तोडलं की शून्यच दिसणार.

माझ्या १००० वॅटच्या इस्त्रीला मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, सोसायटीतले सगळे एसी चालू असताना, २२४ व्होल्ट आणि ४.२ अँपिअर मिळाले. २२४ ÷ ४.२ = ५३.३ ओहम. २२४ × ४.२ = ९४१ वॅट. कंपनीने फसवलं नाही: १००० हा आकडा २३० व्होल्टचा, आणि रोध तोच राहिला तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. तारेच्या पिवळ्या बल्बला मात्र हा नियम लावू नका. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, थंड असताना चाळिसाच्या आसपास.

२५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नसारखी छोटी वस्तू असेल तर तीच फेज वायर जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि आकड्याला दहाने भागा. मीटर १.१ दाखवेल, करंट ०.११ अँपिअर. एवढ्या वेढ्यांना वीतभर पुरत नाही, आवरण आधीच हातभर काढा.