तापलेल्या गाडीचं हेड उतरवायचं असेल तर

"मिस्त्री, गाडी तापायलीय, बघा जरा." मे महिन्यात बीडला आमच्या गॅरेजवर हा फोन ठरलेला. ऊन बेचाळीसच्या पुढं, मांजरसुंब्याचा घाट, एसी चालू, पाच माणसं आणि डिकी गच्च. काटा लालवर गेला तरी "आता बीड आलंच की" म्हणून माणूस गाडी दामटतो. साधा पाइप बदलून भागलं असतं, तिथं इंजिन खोलून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायची वेळ येते.

काटा चढला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. इंजिनवर गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो. आणि पाणी पूर्ण संपलं तर काटा उलट खाली येतो, कारण सेन्सर पाण्याबाहेर पडलेला असतो. काटा उतरला म्हणून गाडी गार झाली असं समजू नका.

गॅरेजात आल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही. आधी क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, पान्यानं हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसलाय, नुसतं हेड काढून भागणार नाही. फिरत असेल तर ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे आले, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना, तर हेडचं पॅकिंग, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पातळ सील, गेलं असं धरून चाला.

हेड रात्रभर गार होऊ द्या, मगच बोल्ट ढिले करा, तेही कडेकडून मध्याकडं, थोडेथोडे. गरम हेड उघडलं तर जे वाकलं नाही तेही वाकतं.

आता मुख्य काम. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जुनं पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, ग्राइंडर लावू नका. मग हेडवर सरळपट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि खालून फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पात, घाला. ०.०५ मिलिमीटरची पात वहीच्या कागदाहून बारीक असते. ती मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये अलगद सरकली, तर हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, गेलंच पाहिजे. नेमकी मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा. हेड किती घासायचं यालाही हद्द आहे, आणि डिझेलला त्यानुसार पॅकिंगची जाडी बदलावी लागते. लेथवाल्याकडून हेडची प्रेशर टेस्टही करून घ्या, कारण व्हॉल्व्हच्या सीटांमधला बारीक तडा तिथंच सापडतो. व्हॉल्व्हचे ऑइल सील उष्णतेनं कडक होतात, ते नवे घाला.

सुरुवातीच्या काळात एका गाडीला मी पट्टी न लावताच नवं पॅकिंग बसवलं होतं. मालकाला लग्नाला जायचं होतं, घाई होती. तीन आठवड्यांत गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत परत आली. पॅकिंग त्याच जागी जळालेलं. दुसऱ्यांदाचं सगळं काम मी माझ्या पैशानं केलं. तेव्हापासून पट्टी लावल्याशिवाय मी हेड बसवत नाही.

बसवताना ब्लॉकमधली बोल्टांची भोकं हवेनं कोरडी करा. आत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. बऱ्याच गाड्यांचे हेडबोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घ्या. टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, मधून कडेकडं, टप्प्याटप्प्यानं आवळा. अंदाजानं आवळलेलं हेड टिकत नाही.

पण गाडी तापली कशानं, ते सापडल्याशिवाय हेड बंद करण्यात अर्थ नाही. आमच्याकडं बहुतेक वेळा बोअरचं पाणी असतं. घरच्या बादलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घाला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की त्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, पातेल्यात उकळून उघडतो का बघा. फॅन, वॉटर पंप, रेडिएटरचं झाकण, सगळं तपासा.

गाडी चालू झाली की हीटर पूर्ण उघडून हवा काढा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत उभे राहा. पाणी मिसळलेलं होतं तर थोडं चालवून ऑइल पुन्हा बदला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पाण्याची पातळी थोडी उतरते, राहिलेली हवा निघालेली असते. भरा. तिसऱ्या दिवशीही उतरली, तर ती गाडी मी मालकाच्या हातात देत नाही.