क्रीमी टोमॅटो सॉस फाटतो, आंबट होतो, पाणी सोडतो? या चुका टाळा

पास्ता सॉस फाटला की सगळे क्रीमच्या पाकिटावर घसरतात. पाकीट जुनं असेल, पुढच्या वेळी कंपनी बदलून बघू, वगैरे. पण बहुतेकदा घोटाळा क्रीम पडायच्या आधीच झालेला असतो. टोमॅटो पुरता शिजलेला नसतो आणि गॅस मोठा असतो.

टोमॅटो कच्चा राहणं

खरं तर ही चूक आपल्याकडे व्हायलाच नको. भाजीचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं हे हातात बसलेलं असतं. पास्ता म्हटलं की मात्र पाच मिनिटांत उरकायची घाई होते.

कच्चे टोमॅटो मिक्सरला फिरवले की प्युरीत हवा भरते. ती फिकट गुलाबी आणि फेसाळ दिसते. मध्यम आचेवर आधी तो फेस बसतो, मग रंग गडद होत जातो. सुरुवातीचे बारीक, पटपट फुटणारे बुडबुडे मोठे आणि जड होतात, शिंतोडे उडायला लागतात (झाकण अर्धवट ठेवा, नाहीतर ओटा पुसत बसाल). शेवटी कडेने लालसर तेल दिसतं आणि उलथन्याने मधोमध रेघ ओढली तर कढईचा तळ क्षणभर उघडा राहतो. इथवर यायला अर्धा किलो टोमॅटोला पंधरा-वीस मिनिटं लागतातच. तयार प्युरी आधीच शिजवलेली असते, तिला निम्म्याहून कमी वेळ पुरतो.

कढई लोखंडाची नको. टोमॅटोच्या आंबटाने सॉस काळपट होतो आणि त्याला लोखंडी चव येते. जाड बुडाचं स्टील किंवा नॉनस्टिक घ्या. लसूण तेल तापायच्या आधीच घाला आणि मंद आचेवर सोनेरी होऊ द्या. तो करपला तर तेलासकट टाकून द्या, कारण तो कडवटपणा कितीही क्रीम ओतलं तरी झाकला जात नाही.

आंबटपणावर साखरेचा मारा

साखर आंबटपणा कमी करत नाही, फक्त झाकते. पाव चमचा ठीक आहे. दोन चमचे घातले की सॉस जॅमकडे झुकतो. केचप घालणं तर उलटच, त्यात साखरेबरोबर व्हिनेगरही असतं. आंबटपणा खरोखर मारायचा असेल तर क्रीमच्या आधी अगदी चिमटीभर खाण्याचा सोडा घाला. सॉस फसफसतो, मग शांत होतो. जास्त पडला तर साबणासारखी चव येते, म्हणून आधी चाखा.

मुळात टोमॅटो लाल आणि पिकलेले हवेत. बाजारात येणारे जाड सालीचे संकरित टोमॅटो दूरचा प्रवास सोसावा म्हणून बऱ्याचदा अर्धे कच्चे काढलेले असतात. ते फ्रीजमध्ये न टाकता दोन दिवस ओट्यावर ठेवा. गावरान टोमॅटोला वास छान, पण आंबटपणा आणि पाणी जास्त. एकटे न वापरता संकरितांमध्ये मिसळा.

क्रीमऐवजी काहीही

दुधातलं केसीन हे प्रथिन सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला की गोळा होतं. लिंबू पिळून पनीर करतो ते याच जोरावर. टोमॅटोचा सामू साधारण ४.३ ते ४.६ असतो. म्हणजे उकळत्या टोमॅटोत दूध ओतणं ही पनीरचीच तयारी. क्रीम टिकतं, कारण त्यात स्निग्धांश जास्त आणि प्रथिनं कमी. आपल्याकडचं पाकिटातलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. ते चालतं, पण उकळी त्याला सोसत नाही.

केकवाल्यांकडची व्हिपिंग क्रीम घेताना मागची बाजू वाचा. तिथे वनस्पती तेल आणि साखर लिहिलेली असेल तर तो सॉस गोड होणार, मीठ कितीही घाला. घरची साय ताजी असेल तरच वापरा, आणि चमचाभर दुधात घोटून, गाळून. तशीच टाकली तर गुठळ्या राहतात आणि तुपाचे थेंब वर येतात. यापेक्षा भिजवलेल्या दहा-बारा काजूंची गुळगुळीत पेस्ट बरी, ती फाटतच नाही. फक्त काजूबरोबर कसुरी मेथी घातलीत तर ती मखनी ग्रेव्ही झाली. चवीला उत्तमच, पण मग पोळ्या लाटा.

उकळत्या सॉसमध्ये थंड क्रीम

गॅस बंद करा. बुडबुडे पूर्ण थांबू द्या. अर्ध्या किलो टोमॅटोला १०० मिली क्रीम वाटीत काढा, त्यात दोन-तीन चमचे गरम सॉस ढवळा आणि मग ती वाटी कढईत ओता. यानंतर फार तर मंद आच, उकळी नाही. चीजही शेवटी. प्रोसेस्ड चीज सहज विरघळतं कारण त्यात इमल्सिफायर, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे घटक, असतात. मोझरेलाने मात्र सॉसला तारा सुटतात.

पास्ता धुणं, पाणी ओतून टाकणं

पास्ता उकडलेल्या पाण्यात उतरलेला स्टार्च सॉस बांधून धरतो. गाळण्याआधी एक मोठा कप पाणी बाजूला काढा आणि पास्ता नळाखाली धरू नका. १०० ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. उकडताना तेल घालायची सवय सोडा, त्याने सॉस पास्त्याला नीट धरत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी काढा, उरलेलं सॉसमध्ये होतं. आणि पाकीट मैद्याचं नाही ना, तेही बघा. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता लवकर गिचका होत नाही.

थंड झाल्यावर सॉस घट्ट होतो, म्हणून गॅसवर तो थोडा पातळच दिसायला हवा.

फाटलाच तर

लगेच गॅसवरून उतरवा. दुसऱ्या भांड्यात दोन चमचे क्रीम घेऊन त्यात फाटलेला सॉस चमचा-चमचा घालत रवीने घोटा. थोडा फाटला असेल तर सावरतो. कणी दाट झाली असेल तर कोमट होऊ द्या आणि पास्त्याचं थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढा. गरम सॉस बंद भांड्यात फिरवू नका, वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. मिक्सरमधून काढल्यावर रंग फिकट होईल, चव मात्र बरी राहते.

डब्यासाठी किंवा पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायचा असेल तर क्रीम न घालता फक्त टोमॅटोचा भाग शिजवून फ्रीजरमध्ये टाका. खायच्या वेळी गरम करून, गॅस बंद करून, क्रीम तेव्हाच.