झिजलेल्या अतिनील डिटेक्टरच्या नोंदी कशा दुरुस्त कराव्यात

कोल्हापुरात बसून भौतिकशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हबल दुर्बिणीवरील ‘कॉस’ या अतिनील वर्णपटमापकाच्या जुन्या नोंदी विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र 2010 आणि 2020 मधील एकाच ताऱ्याचे वर्णपट शेजारी ठेवून तारा मंदावला असे म्हणण्यापूर्वी डिटेक्टर किती झिजला आहे, हे तपासावे.

झीज दोन प्रकारची असते. पहिली स्थानिक, आणि माझ्या मते तीच अधिक फसवी. दूर-अतिनील डिटेक्टरमधील सूक्ष्मनलिकांच्या चकत्या एका फोटॉनमागे इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा सोडतात. त्यांतून जितका विद्युतभार वाहून गेला असेल, तितका हा लोंढा रोडावत जातो. जुन्या वाड्याचा दगडी उंबरा जिथे पाय पडतात तिथेच झिजतो, तशी पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनची 1215.67 अँगस्ट्रॉमची लायमन-अल्फा रेषा जिथे वारंवार पडते, तिथे ही झीज सर्वांत खोल असते. म्हणून फोटॉनगणिक नोंदींतून प्रत्येक भागातील स्पंदांच्या उंचीचे, म्हणजे एकेका फोटॉनमागच्या लोंढ्याच्या आकाराचे, वितरण काढावे. ते खालच्या मर्यादेकडे सरकलेले दिसले, तर तिथले काही फोटॉन मोजलेच गेलेले नाहीत. अशा ठिकाणी आकडे गुणून वाढवू नयेत. त्या बिंदूंवर खूण करून ते वगळावेत आणि प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवणारे ग्रेटिंग किंचित सरकवून घेतलेल्या इतर नोंदींनी ती फट भरावी.

याच कारणाने वर्णपट डिटेक्टरच्या ताज्या भागावर हलवण्यात आला, प्रथम जुलै 2012 मध्ये, नंतर फेब्रुवारी 2015 आणि ऑक्टोबर 2017 मध्येही. प्रत्येक जागेच्या नोंदी तिच्याच संदर्भ-तक्त्यांनी (त्या जागेसाठीच्या दुरुस्ती-मूल्यांच्या तक्त्यांनी) दुरुस्त कराव्यात आणि मगच एकत्र कराव्यात.

दुसरी झीज संथ असून ती तरंगलांबीनुसार बदलते. तिच्यासाठी ज्यांचे तेज स्थिर मानले जाते असे प्रमाणित श्वेत बटू तारे घ्यावेत, एकाच ग्रेटिंगने वेगवेगळ्या तारखांना मिळालेल्या त्यांच्या वर्णपटांना संदर्भ-तारखेच्या वर्णपटाने भागावे आणि तरंगलांबीच्या प्रत्येक पट्ट्यासाठी या गुणोत्तराला काळानुसार तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषा बसवाव्यात. घसरणीचा वेग वर्षावर्षांत बदलत असल्याने सर्व वर्षांना एकच रेषा पुरत नाही. आपल्या निरीक्षणाच्या तारखेचे गुणोत्तर काढून त्याने तेज आणि त्रुटी दोन्हींना भागावे.

शेवटी, रेषा बसवताना न वापरलेल्या प्रमाणित ताऱ्यावर हीच कृती करावी. दुरुस्त गुणोत्तर त्रुटीच्या मर्यादेत 1 आले नाही आणि तफावत केवळ लायमन-अल्फाच्या जागीच उरली, तर खुणांचे काम पुन्हा पाहावे.